फ्लोरिनमायच्या शेतातले दोन गोल

मी, फ्लोरिना इश्टेफानिया मास्कारेन्यस, कै. सातुर्निन मास्कारेन्यस यांची विधवा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, राहणार बोरभाट, जन्मानं कारायची, तालुका साष्टी, गोवा, हे मृत्युपत्र माझ्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी काही देणंघेणं नाही, असं नोटरीबाबांनी सांगितलं. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. आणायचा प्रयत्न काही जणांनी केला, त्यांची नावं योग्य जागी येतील. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, म्हणून रद्द करण्यासारखंही काही नाही.

हे आत्ताच लिहिण्याचं कारण असं. येत्या फेस्तानंतर, म्हणजे गावच्या सणानंतर, बोरभाट स्पोर्टिंग आणि सेंट आन काराय हे दोन क्लब मिळून एकच क्लब करायचा की नाही, यावर सभा आहे. दोघांचं मैदान एकच आहे आणि ते माझं शेत आहे. शेत कोणाला जाणार हे कळल्याशिवाय सभेत काही ठरणार नाही, आणि मी सभेपर्यंत टिकेन याची खात्री डॉक्टर देत नाही. तेव्हा बोलून ठेवण्यापेक्षा लिहून ठेवलेलं बरं.

१. माझं दफन बोरभाटच्या इगर्जीत, म्हणजे चर्चच्या आवारात, सातुर्निनच्या शेजारी करावं. आमच्या दोन्ही गावांत शवपेटीवर क्लबाचं निशाण घालतात. सातुर्निन लाल निशाणाखाली गेला. माझ्यावर कारायचं निळं-पांढरं घालावं. बोरभाटच्या इगर्जीत कारायचं निशाण कसं, असं कोणाला वाटलं तर त्यानं बाहेर उभं राहावं, बाहेर सावली आहे.

२. आमच्या गोव्याच्या कायद्यानं माझी अर्धी मालमत्ता मुलांची आहे, तिच्यावर माझं काही चालत नाही आणि चालवायचंही नाही. राहतं घर, परसातले माड आणि बँकेतली ठेव मुलगा एडविन आणि मुलगी ओल्गा यांनी सारखी वाटून घ्यावी. ठेवीतून आधी माझ्या महिन्याच्या मिसेचा, म्हणजे इगर्जीतल्या प्रार्थनेचा, आणि जेवणाचा खर्च काढावा. डुकराच्या मटणाचं सोरपोतेल आदल्या दिवशी करावं, त्याच दिवशी केलेलं खाऊन लोक मागून नावं ठेवतात. सून शर्मिला हिला माझी सोन्याची कर्णफुलं. तिनं तिकडं इंग्लंडात, स्विंडनच्या थंडीत माझ्या नातीला कोकणी शिकवली, त्याबद्दल हे कमीच आहे.

३. सातुर्निन सुतार होता. त्याची हत्यारं, म्हणजे रंधे, पटाश्या, मोठी करवत आणि तो कोणाला हात लावू देत नसे तो लाकडी हातोडा, हे सगळं ओल्गाला. एडविननं राग मानू नये. त्याला खिळा ठोकता येत नाही हे त्यालाही माहीत आहे. चामड्याचा फुटबॉल शिवायचा दाभण आणि मेणाचा दोराही त्याच पेटीत आहे. आता शिवलेले फुटबॉल कोणी वापरत नाही, पण टाकू नये.

४. माझ्या सासूबाई, कै. अपोलोनिया, यांच्याशी माझं भांडण होतं. काराय जिंकलं की त्यांचं डोकं दुखायचं. व्हिनेगरची पट्टी कपाळाला लावून त्या बाकावर पडून राहायच्या आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात देवाला विचारायच्या, "माझ्या एकुलत्या एक पोराला बोरभाटच्या तीनशे घरांत दुसरी पोर मिळाली नाही का रे, बापा?" काराय हरलं की मात्र उठून स्वतः माशांची आमटी करायच्या आणि मला सर्वांत मोठा तुकडा वाढायच्या. तो तुकडा मी दर वेळी खाल्ला, कारण आमटी खरोखर चांगली असायची. हे भांडण मी कोणालाही देत नाही. ते माझ्याबरोबर येईल आणि तिकडं पुढं चालू होईल.

५. आता शेत. बोरभाट आणि काराय यांच्या मध्ये, खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला लागून असलेलं हे शेत माझ्या वडिलांचं. भाऊ जुझे यानं घर घेतलं, मला शेत आलं. सातुर्निनच्या मागं वाटणी झाली तेव्हाही मुलांनी ते माझ्याकडंच ठेवलं. पावसाळ्यात तिथं भात होतं, भात कापलं की फुटबॉल. वरच्या अंगाला, बोरभाटच्या बाजूला एक गोल आहे आणि खालच्या अंगाला, कारायच्या मिठागरांकडं दुसरा. दोन्ही गोलांचे खांब सातुर्निननं घडवले.

हे शेत कोणाला आणि का, हे सांगायचं तर मला थोडं मागं जावं लागेल. नोटरीबाब म्हणाले, मृत्युपत्रात एवढं लिहीत नाहीत. मी म्हटलं, कागद माझा आहे.

माझे वडील पास्कोआल कारायचे गोलकीपर होते. मी बसायला शिकले तेव्हापासून आई मला खालच्या गोलामागं चटईवर ठेवून मिठागरावर कामाला जायची. लोक हल्ली विचारतात, तू हा क्लब का निवडलास? एडविनची मुलगी टीव्हीवर बघून क्लब निवडते, दर वर्षी नवा. मी काही निवडलं नाही. मला बसवलं. वडिलांची पाठ बघत मी मोठी झाले. खांदे वर गेले की बॉल उंच येतोय, मान खाली गेली की गोल झाला. त्या पाठीवर माझं इतकं प्रेम होतं की कारायवर वेगळं प्रेम करावं लागलंच नाही.

पण गोलामागं बसणाऱ्याला आपल्या माणसाची पाठ दिसते आणि शत्रूचं तोंड दिसतं. हे कोणाच्या लक्षात येत नाही. बोरभाटचे सगळे चेहरे मला पाठ होते: घामेजलेले, शिव्या देणारे, दात विचकणारे. त्यांत एक सातुर्निनचा. एका रविवारी त्यानं वडिलांना चकवून गोल मारला. बॉल गोलाला बांधलेलं मासेमारीचं जुनं जाळं फाडून थेट माझ्या मांडीवर आला, आणि घ्यायला सातुर्निन मागं आला.

"बाय, माफ कर हां," तो म्हणाला. "तुझा बापूस चांगला गोली आहे. वारा होता म्हणून गेला."

"वारा नव्हता," मी म्हटलं.

"नव्हता," तो म्हणाला, "पण तुझं तोंड बघून म्हणावंसं वाटलं."

मी बॉल दिला नाही. पंचाला येऊन मागावा लागला.

पुढं आमचं जुळलं. घरी हे कळलं तेव्हा वडिलांनी ताटावरून हात काढला. "बोटीवरचा बघ, मास्तर बघ, हवं तर मुंबईचा बघ," ते म्हणाले. "माझ्यावर गोल मारणाऱ्याला मी जावई म्हणू?" आई म्हणाली, "मग तुमच्यावर गोल न मारलेला शोधायचा तर मुलगी तशीच राहील घरात." त्यावर ते जेवण अर्धं टाकून उठले आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणाले.

आमच्याकडं लग्नानंतर गावाच्या वेशीवर शीम घालतात. फेणीची धार जमिनीवर ओतून रेघ काढायची, अलीकडं माहेरचे, पलीकडं सासरचे. नवरीनं रेघ ओलांडली की ती त्यांची झाली. वडिलांनी रेघ ओतली, बाटली खाली ठेवली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "पोर देतो. क्लब देत नाही. ती कारायचीच राहील. कबूल असेल तर पुढं या, नसेल तर बँड परत न्या." सासरे कान खाजवायला लागले. सासूबाईंचं डोकं तिथंच दुखायला लागलं. सातुर्निन पुढं आला आणि म्हणाला, "कबूल. रविवारी ती पलीकडं बसेल, सोमवारी माझ्या घरी."

आयुष्यभर ते तसंच झालं. सामन्याला आम्ही घरून बरोबर निघायचो, मैदानाच्या मध्यावर तो वर जायचा, मी खाली. घरचा नियम एकच: जिंकलेल्यानं परतीच्या वाटेवर तोंड बंद ठेवायचं, हरलेल्याला हवं ते बोलायची मुभा. त्यानं मला एवढे खोचक टोमणे मारले आणि मी त्याला एवढ्या शिव्या दिल्या की इतर कशावरून भांडायला आमच्याकडं काही शिल्लक राहत नसे. शेजारी म्हणायचे, मास्कारेन्यसांच्या घरात किती शांतता. मी त्याच्यावर फार प्रेम केलं. लाल शर्टातसुद्धा केलं.

मुलांचं आमच्या हातात नव्हतं. पहिल्या मुलाचा पादिन, म्हणजे बाप्तिस्म्याचा धर्मबाप, बापाच्या घरचा असतो, दुसऱ्याचा आईच्या घरचा. पादिन आपल्या क्लबाची फीत घेऊन येतो आणि बाळाच्या मनगटाला बांधतो. म्हणून एडविन बोरभाटचा झाला आणि ओल्गा कारायची. चार माणसांच्या घरात दोन-दोन. असं वाढलेल्या मुलांना समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय लागते. निदान ओल्गाला लागली.

६. दोन क्लबांचा एक क्लब कसा दिसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. हे कलम त्यासाठी.

मुलं लहान असताना एका सामन्यात डोकी फुटली. तेव्हा पाद्र आव्हेलिन नावाचे तरुण पाद्री नवीन आले होते, मनानं फार चांगले. त्यांनी ठरवलं की फेस्ताचा सामना खेळायचा, पण दोन्ही क्लबांचे खेळाडू एकत्र करून, चिठ्ठ्या टाकून दोन संघ पाडायचे. एकाचं नाव शांती, दुसऱ्याचं मैत्री. सातुर्निन आणि माझा भाऊ जुझे दोघंही शांतीत आले.

दोन्ही गावं झाडून आली होती. शिट्ट्या, ढोल, फटाके, सगळं होतं. सामना सुरू झाला आणि कोणाला काय करावं ते कळेना. बॉल पुढं गेला की एक जण ओरडायचा, मग बघायचा की बॉल कोणाच्या पायात आहे, आणि गप्प व्हायचा. ढोलवाल्यानं ढोल मांडीवरून उतरवून ठेवला. जुझे मोकळा उभा होता तरी सातुर्निननं त्याला पास दिला नाही, आणि जुझेनं बॉल मिळाल्यावर सवयीनं सातुर्निनच्याच पायात पाय घातला. म्हणजे आपल्याच संघातल्या माणसाला पाडलं. पंचानं शिट्टी वाजवली आणि मग विचार करत बसला की फाऊल कोणाला द्यायचा.

वडील तेव्हा खेळायचे थांबले होते. ते माझ्याशेजारी, गोलामागं बसले होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "फ्लोरिन, आपण कुठल्या बाजूनं गो?"

मी एकदा वरच्या गोलाकडं पाहिलं, एकदा खालच्या. त्यांनी काठी घेतली आणि ते घरी गेले. त्यांच्या मागोमाग लोक उठायला लागले. हाफटाइमनंतर मैदानावर खेळाडू होते, पंच होता आणि पाद्र आव्हेलिन होते. बिचारे एकटेच टाळ्या वाजवत होते. कोणाचं डोकं फुटलं नाही हे खरं. पण इतका उदास रविवार मी पुन्हा पाहिला नाही, आणि मी विधवा आहे.

७. दडपण आणणाऱ्यांची नावं: माझा मुलगा एडविन, बोरभाट स्पोर्टिंगचे अध्यक्ष लॉरेन्सबाब, आणि माझा सख्खा भाऊ जुझे, सेंट आन कारायचा खजिनदार. शेवटचे दोघं एकत्र आले. येताना बेबिंका, आमचा थरांचा गोड केक, घेऊन आले. उभ्या जन्मात एका बाकावर न बसलेली माणसं माझ्या ओसरीवर एका बशीतून खात होती, तेव्हाच मला काळजी वाटली.

"फ्लोरिन, ऐक जरा," जुझे म्हणाला. "पोरं राहिलीत कुठं? जो तो पोर्तुगालचा पासपोर्ट काढतो आणि इंग्लंडला जातो. आमच्याकडं नऊ जण उरलेत. यांच्याकडं सात."

"आठ," लॉरेन्सबाब म्हणाले. "आठवा लंगडतो, पण आहे."

"दोन्ही मिळून एक संघ होतो. तू शेत एका क्लबाला दे, आम्ही तुझं नाव मैदानाला देतो."

"आणि तुम्ही खेळणार कोणाशी?" मी विचारलं.

"लीग आहे की," लॉरेन्सबाब म्हणाले. "मडगावकडचे संघ आहेत."

"मडगावच्या माणसाकडून हरून परत येताना मी रस्त्यात शिव्या कोणाला देऊ?"

एडविन दर रविवारी फोन करतो. तोही तेच म्हणतो, आणि खोटं बोलत नाही. "मम्मा, अकरा पोरं मिळत नाहीत. मीसुद्धा इथं बसून बोलतोय, मला माहितीय. एकत्र झाले नाहीत तर दोन वर्षांत दोन्ही क्लब बंद पडतील. मग तुला बरं वाटेल?" नाही वाटणार. म्हणून मी बरेच आठवडे काही लिहिलं नाही. नुसतं नाही म्हणणं सोपं असतं. मला तर मैदान रिकामं पडू द्यायचं नव्हतं.

८. माझ्या मागच्या खोलीत महादेवप्पा हडपद हा गवंडी बायकोमुलांसह भाड्यानं राहतो. तो गदगकडचा. येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. गेल्या हंगामात ओल्गा मला गाडीतून सामन्याला घेऊन गेली. वरच्या गोलामागून कोणी तरी असा गळा फाडून ओरडत होतं की सगळे वळून बघत होते. अर्धं कानडीत, अर्धं कोकणीत. बघते तर महादेवप्पा. अंगावर सिमेंटचे डाग, गळ्यात लाल टॉवेल. बोरभाट हरलं तेव्हा तो खांबाला डोकं टेकून उभा राहिला. सातुर्निन तसाच उभा राहायचा.

दुसऱ्या दिवशी पाणी भरताना मी विचारलं, "काय रे, तू कधीपासून बोरभाटचा?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "म्हणजे काय, अव्वा? तुमच्या खोलीत राहायला आलो तेव्हापासून. खोली बोरभाटात आहे ना?"

"आणि बांधापलीकडं खोली मिळाली असती तर?"

"तर काराय. पण तसलं अशुभ कशाला बोलायचं?"

मी हसले आणि मग आत येऊन बसले. मला चटईवर बसवलं, त्याला खोलीत. फरक फार नाही. या दोन गावांत अशा खोल्या भरल्या आहेत: गदगचे, ओडिशाचे, झारखंडचे. त्यांची पोरं भात कापलं की माझ्या शेतात खेळतात आणि आपसांत बोरभाट-काराय करून भांडतात. मी खिडकीतून ऐकते. पण दोन्ही क्लबांच्या नियमांत लिहिलं आहे की सभासद इथल्या इगर्जीत बाप्तिस्मा झालेला किंवा गावात स्वतःचं घर असलेला पाहिजे. म्हणजे अकरा पोरं आहेत. आपण मोजत नाही.

९. तेव्हा माझ्या हातातल्या अर्ध्या वाट्यातून मी शेताची व्यवस्था पुढीलप्रमाणे करत आहे:

शेताच्या बरोबर मध्यावर, आडवी, हद्द आखावी. वरचा अर्धा भाग, वरच्या गोलासह, बोरभाट स्पोर्टिंगला. खालचा अर्धा भाग, खालच्या गोलासह, सेंट आन कारायला. कोणत्याही क्लबाला आपला अर्धा भाग विकता, गहाण टाकता किंवा दुसऱ्याला जोडता येणार नाही. एका गोलावर सामना होत नाही, त्यामुळं खेळायचं असेल तर दर वेळी दुसऱ्याला विचारावं लागेल, आणि विचारताना तोंड वाकडं करायची पूर्ण मुभा आहे.

अट अशी की दोन्ही क्लबांनी वर्षाच्या आत नियम बदलून, गावात जो राहतो तो गावचा, मग घर स्वतःचं असो की भाड्याचं, आणि देव कुठलाही असो, असं लिहावं. बांधाच्या अलीकडं झोपणारा बोरभाटचा, पलीकडं झोपणारा कारायचा. यात मला शहाणपणा नको आहे.

क्लब एकत्र केले किंवा अट पाळली नाही, तर सगळं शेत ओल्गाला जाईल आणि तिनं तिथं बारमाही लाल भाजी आणि वांगी लावावीत, गोलांसकट. ओल्गानं तसं करायचं वचन दिलं आहे. ती माझी मुलगी आहे, ती लावेल. हे मृत्युपत्र अंमलात आणायची जबाबदारीही तिचीच.

१०. सातुर्निनची स्कूटर मी महादेवप्पाला द्यायचं ठरवलं होतं. तो रोज सिमेंटची पिशवी खांद्यावर घेऊन चालत जातो. तसं लिहिलंही होतं. पण दोन साक्षीदारांत एक कारायचा आणि एक बोरभाटचा असावा, अशी माझी इच्छा. कारायचा जुझे तयार झाला. बोरभाटतर्फे लॉरेन्सबाबांना बोलावलं, तर नववं कलम ऐकून ते बेबिंकाची रिकामी बशी घेऊन निघून गेले. मी महादेवप्पाला हाक मारली. तेव्हा नोटरीबाब म्हणाले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही. दोन्हींपैकी एक निवडावं लागेल. म्हणून ते कलम खोडलं. स्कूटर एडविनला. त्यानं इथं येऊन चालवावी.

हे सर्व मी वाचून, समजून, स्वखुशीनं लिहिलं आहे. चुका माझ्या, अक्षरही माझं.

ठिकाण: बोरभाट. तारीख: १४ एप्रिल २०२४.

सही: फ्लोरिना इश्टेफानिया मास्कारेन्यस

साक्षीदार पहिला: जुझे बेनेदित रिबेलो, राहणार काराय. (खालच्या गोलात दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं, ही तक्रार नोंदवून सही करत आहे. — जुझे) (हाफटाइमला बाजू बदलतात, जुझे. — फ्लोरिना)

साक्षीदार दुसरा: याच्या सहीआधी झालेलं बोलणं मी नोटरीबाबांच्या परवानगीनं इथं लिहून ठेवते, कारण लॉरेन्सबाब उद्या विचारतील. नोटरीबाबांनी महादेवप्पाला पुन्हा एकदा विचारलं, "नीट विचार कर. सही केलीस तर स्कूटर गेली." महादेवप्पानं हात लुंगीला पुसले. "स्कूटर दुकानात मिळते, साहेब," तो म्हणाला. "मला आजवर कोणी बोरभाटचा म्हणून सही मागितली नव्हती." मग नोटरीबाबांनी आधारकार्ड बघून गाव गदग लिहायला घेतलं, तर त्यानं त्यांचा हात धरला.

सही: महादेवप्पा फकीरप्पा हडपद, गवंडी, राहणार बोरभाट.